गोळी, सिरप, पंप, पट्टी: औषधाच्या रूपांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिठ्ठीवरचे औषधाचे नाव आणि मिलीग्रॅम आपण नीट वाचतो. नावापुढची एसआर, डीटी, ईसी असली अक्षरे मात्र नजरेतून सुटतात, आणि घोळ बहुतेक वेळा तिथेच होतो. तुम्हाला कोणते औषध, किती दिवस, हे तुमचे डॉक्टर ठरवतील. हातात आलेले औषध त्याच रूपात का आहे आणि ते तसेच का वापरायचे, एवढाच इथला विषय.

पॅरासिटामॉलची ५०० मिलीग्रॅमची गोळी काट्यावर जास्त का भरते? उरलेले काय असते?

५०० हा आकडा फक्त औषधाचा. गोळीचे वजन साधारण ५५० ते ६५० मिलीग्रॅम भरते. वरचे वजन सहायक घटकांचे असते. भुकटी बांधून ठेवायला स्टार्चची खळ किंवा पोव्हिडोन, पोटात गोळी फोडायला सोडियम स्टार्च ग्लायकोलेटसारखा फुगणारा पदार्थ २ ते ८ टक्के, आणि यंत्राच्या साच्याला गोळी चिकटू नये म्हणून मॅग्नेशियम स्टिअरेट, तेही जेमतेम अर्धा-एक टक्का.

हा शेवटचा घटक दिसायला क्षुल्लक, पण सर्वांत खोडसाळ. तो मेणचट असतो. प्रमाण वाढले किंवा जास्त वेळ घुसळला गेला, तर दाण्यांवर त्याचा थर बसतो आणि पाणी आत शिरत नाही. गोळी मऊ होते आणि विरघळायलाही उशीर लावते. म्हणून तो सगळ्यांत शेवटी घालून मोजकी मिनिटेच मिसळतात.

थायरॉइडच्या गोळीत प्रश्न उलटा. तिथे औषध असते ५० मायक्रोग्रॅम. गोळी १०० मिलीग्रॅमची धरली तर औषध तिचा दोन हजारावा भाग झाला. पातेलेभर वरणात चिमूटभर हिंग प्रत्येक वाटीत सारखा उतरावा, तसे हे काम. औषध आधी तेवढ्याच भुकटीत, मग दुपटीत, मग चौपटीत असे पायरीपायरीने मिसळावे लागते. नाहीतर एका गोळीत दुप्पट आणि दुसरीत काहीच नाही, अशी गत होते.

भरणाचा पदार्थ निष्क्रिय असतो, म्हणून तो कुठलाही चालतो असे नाही. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे १९६८च्या सुमारास फिट्सवरच्या फेनिटॉइन कॅप्सूलमधले कॅल्शियम सल्फेट काढून लॅक्टोज घातले गेले. औषधाचे मिलीग्रॅम तेच राहिले, पण शोषण वाढले आणि रुग्णांमध्ये फेनिटॉइनच्या विषबाधेची लक्षणे दिसू लागली.

गोळी गिळल्यावर किती वेळात फुटते?

साध्या, लेप नसलेल्या गोळीला औषधकोशातली (औषधांच्या दर्जाच्या अधिकृत नियमग्रंथातली) मुदत १५ मिनिटांची, पातळ फिल्मचा लेप असेल तर ३० मिनिटांची, आणि पाण्यात विरघळवून द्यायच्या डीटी गोळीला फक्त ३ मिनिटांची. ही चाचणी ३७ अंश सेल्सिअसच्या द्रवात (डीटी गोळीसाठी मात्र साध्या, न तापवलेल्या पाण्यात), जाळीच्या नळ्या वरखाली हलवून करतात.

फुटणे म्हणजे विरघळणे नव्हे. खडीसाखर फोडली तरी ती दुधात उतरायला वेळ लागतोच. म्हणून विरघळण्याची वेगळी चाचणी असते: बहुधा ९०० मिलिलिटर द्रव, मिनिटाला ५० किंवा ७५ फेरे घेणारे वल्हे, आणि ठरावीक वेळाने नमुना काढून त्यात किती औषध उतरले त्याची मोजणी. विरघळलेलेच औषध आतड्यातून रक्तात जाते.

गोळी घोटभर पाण्याबरोबर घेतली तर काय बिघडते?

बऱ्याच गोळ्यांचे काही बिघडत नाही. काहींचे बिघडते. डॉक्सिसायक्लिन, लोहाच्या आणि पोटॅशियम क्लोराइडच्या गोळ्या, हाडांसाठीचे अ‍ॅलेंड्रोनेट ही औषधे अन्ननलिकेत अडकली तर तिथली त्वचा भाजल्यासारखी होते आणि व्रण पडतो. रात्री अंथरुणात बसून, अर्धा घोट पाण्याबरोबर डॉक्सिसायक्लिन घेऊन लगेच आडवे होणे हे असा व्रण पडण्याचे नेहमीचे कारण. पूर्ण भांडेभर, म्हणजे २०० मिलिलिटर तरी पाणी प्या आणि अर्धा तास बसते किंवा उभे राहा. अ‍ॅलेंड्रोनेट सकाळी अनशापोटी, साध्या पाण्याबरोबरच घ्यायचे, चहाबरोबर नाही.

आजींना गोळी गिळता येत नाही. कुटून मधातून दिली तर चालेल का?

मधातून, तुपातून औषध देणे ही आपल्याकडची जुनी अनुपानाची रीत, त्यामुळे हा प्रश्न घरोघरी असतो. उत्तर गोळीवर अवलंबून आहे. साधी, लेप नसलेली गोळी बहुधा कुटता येते. पुढच्या गोळ्या मात्र कुटायच्या नाहीत.

पहिल्या म्हणजे आतड्यात फुटणाऱ्या गोळ्या. पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल, ईसी लिहिलेले अ‍ॅस्पिरिन, डायक्लोफेनॅकचे बरेच ब्रँड यांत मोडतात. यांचा लेप जठरातल्या आम्लात दोन तास टिकतो आणि पुढे आतड्यात, आम्लता कमी झाल्यावर, तासाभरात विरघळतो. पँटोप्राझोल आम्लात स्वतःच नष्ट होते. कुटले की औषध जठरातच संपले. अ‍ॅस्पिरिन आणि डायक्लोफेनॅकच्या बाबतीत कारण वेगळे, तिथे जठराला औषधापासून वाचवायचे असते.

दुसऱ्या म्हणजे सावकाश औषध सोडणाऱ्या. नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर, एक्सएल, सीआर, एमआर यांपैकी काही लिहिलेले असते. बारा किंवा चोवीस तासांचा साठा एका गोळीत असतो. कुटली की तो सगळा तासाभरात रक्तात उतरतो. रक्तदाबाच्या निफेडिपिनने दाब धाडकन खाली येतो, दम्याच्या थिओफायलिनने उलट्या, धडधड, प्रसंगी झटके येतात. आणि रात्रीपर्यंत शरीरात काही उरत नाही, ते वेगळेच. ओडी या अक्षरांनी मात्र फसू नका. चिठ्ठीवर त्यांचा अर्थ दिवसातून एकदा एवढाच; गोळीच्या नावात असतील तर ती सावकाश सोडणारी आहे का, हे विचारून घ्या.

तिसऱ्या म्हणजे हाताळणाऱ्यालाच अपाय करू शकणाऱ्या. मेथोट्रेक्सेट आणि कर्करोगावरच्या इतर गोळ्यांची भुकटी घरात उडवू नये. प्रोस्टेटसाठीच्या फिनास्टेराइडची फुटलेली गोळी गरोदर बाईने हाताळू नये.

अर्धी करणे ही निराळी गोष्ट. रक्तदाबाच्या मेटोप्रोलॉल सक्सिनेटच्या काही ब्रँडमध्ये शेकडो सूक्ष्म दाणे असतात आणि प्रत्येक दाण्यावर स्वतंत्र लेप असतो, त्यामुळे ती गोळी रेघेवर मोडता येते. चावता किंवा कुटता येत नाही. रेघ नसलेली गोळी सुरीने कापली तर दोन भाग सहसा सारखे होत नाहीत आणि चुरा वाया जातो तो वेगळा.

मग करायचे काय? तेच औषध पातळ, डीटी किंवा फवाऱ्याच्या रूपात मिळते का ते फार्मासिस्टला विचारा. दाण्यांची कॅप्सूल असेल तर ती उघडून दाणे चमचाभर गार, मऊ अन्नावर घालून न चावता गिळता येतात. पण प्रत्येक कॅप्सूलला हे लागू नाही, म्हणून आधी खात्री करा. नाकातून नळी असलेल्या रुग्णाला लेपाचे दाणे कुटून देऊ नका. नळी तुंबते, आणि मग नळीच बदलावी लागते.

शौचातून अख्खी गोळी पडली. म्हणजे औषध वाया गेले का?

बहुधा नाही. सावकाश औषध सोडणाऱ्या काही गोळ्या म्हणजे न विरघळणाऱ्या आवरणाची डबी असते. तिला लेझरने पाडलेले सूक्ष्म छिद्र असते. आवरणातून पाणी आत झिरपते, आतला थर फुगतो आणि औषध छिद्रातून ढकलले जाते. रिकामे टरफल तसेच बाहेर पडते. मेटफॉर्मिन एसआरमध्ये जेलसारखा मऊ गोळा दिसतो. मात्र साधी गोळी जशीच्या तशी पडत असेल, किंवा जुलाब चालू असतील, तर डॉक्टरांना सांगा.

कॅप्सूलचे टरफल कशाचे? शाकाहारी मिळते का?

नेहमीचे टरफल जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांची हाडे आणि कातडीपासूनचे. एचपीएमसी हे वनस्पतीतल्या सेल्युलोजपासून केलेले टरफलही मिळते. लेबलवर तसे लिहिलेले असते. आकार ट्रिपल झिरो या मोठ्यापासून ५ क्रमांकाच्या लहानापर्यंत असतात; झिरो क्रमांकात सुमारे ०.६८ मिलिलिटर माल बसतो. जिलेटिनमध्ये १३ ते १६ टक्के ओल असावी लागते. त्याहून कमी झाली की टरफल तडकते, वाढली की चिकट होऊन एकमेकांना धरते. कोकणातल्या पावसाळ्यात डबीचे झाकण उघडे ठेवले, तर हे दोन दिवसांत बघायला मिळते.

स्ट्रिप उघडल्यावर गोळीचा वरचा पापुद्रा सुटून आला. खावी का?

नको. याला कारखान्यात कॅपिंग म्हणतात. दाणे फार कोरडे असले, यंत्राचा वेग जास्त असला किंवा दाबताना आत हवा कोंडली की गोळीची टोपी सुटते. एखादा तुकडा स्ट्रिपमध्येच राहिला तर डोस चुकतो. स्ट्रिप तशीच दुकानात परत करा. बॅच क्रमांकाची बाजू फाडू नका. गोळीवर ठिपके, रंगात बदल, ओलसरपणा दिसला तरी हेच. अ‍ॅस्पिरिनला व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल, तर दमट हवेने तिचे विघटन होऊन अ‍ॅसिटिक आम्ल सुटले आहे असे समजा.

छातीत दुखल्यावरची गोळी जिभेखालीच का? गिळली तर?

पोटातून शोषलेले औषध आधी यकृतात जाते आणि यकृत त्यातला वाटा मोडून टाकते. रक्तदाबाच्या प्रोप्रॅनोलॉलमध्ये हे स्पष्ट दिसते: तोंडाने ४० मिलीग्रॅम, शिरेतून मात्र १ मिलीग्रॅमच्या हिशेबाने. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायच्या नायट्रोग्लिसरिनचे तर यकृतात जवळजवळ सगळेच संपते. जिभेखालच्या रक्तवाहिन्या यकृताला वळसा घालून रक्त हृदयाकडे नेतात, म्हणून परिणाम दोन-तीन मिनिटांत मिळतो.

गोळी जिभेखाली ठेवताना खाली बसा. दाब उतरून चक्कर येते. तोंड कोरडे असेल तर आधी घोटभर पाण्याने ओले करा. गोळी चघळू नका, लाळ लगेच गिळू नका. पाच मिनिटांत दुखणे कमी झाले नाही तर १०८ला फोन करा. सिल्डेनाफिलसारखी (व्हायग्रासारखी) लैंगिक ताकदीची गोळी घेतली असेल तर हे औषध घेऊ नका आणि डॉक्टरांपासून ती गोष्ट लपवू नका, दोन्ही मिळून दाब जीवघेणा उतरतो. नायट्रोग्लिसरिनच्या गोळ्या उडून जाणाऱ्या असतात. मूळच्या काचेच्या बाटलीतून प्लॅस्टिकच्या डबीत काढल्या की हळूहळू निकामी होतात.

अनशापोटी, जेवणाआधी, जेवल्यावर: एवढा फरक कशाने पडतो?

थायरॉक्सिन सकाळी अनशापोटी, नाश्त्याआधी अर्धा ते एक तास. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या त्यापासून चार तास लांब. पँटोप्राझोल जेवणाआधी अर्धा तास, कारण जठरातले आम्लपंप जेवणाने जागे होतात आणि औषध जाग्या पंपांनाच पकडते. टीबीच्या रिफॅम्पिसिनला रिकामे पोट लागते. मेटफॉर्मिन आणि आयबुप्रोफेन जेवणाबरोबर किंवा नंतर, पोट बिघडू नये म्हणून. बुरशीवरचे ग्रिसिओफुल्विन तुपातेलाच्या जेवणाबरोबर जास्त शोषले जाते. पथ्य म्हणून कोरडी भाकरी खाऊन घेतले तर कमी लागू पडते.

दूध, अँटासिड आणि लोह यांतले धातू टेट्रासायक्लिन व सिप्रोफ्लॉक्सासिनला बांधून टाकतात आणि औषध शोषलेच जात नाही. लोहाच्या गोळीवर चहा पिणे हीसुद्धा पैसे पाण्यात घालण्याची रीत आहे. त्यापेक्षा लिंबूपाणी बरे.

बाटलीवर हलवून घ्या असे लिहिलेले असते. नाही हलवली तर?

सिरपमध्ये औषध विरघळलेले असते, सस्पेन्शनमध्ये ते कणरूपाने तरंगते आणि तळाशी बसते. न हलवता ओतले की पहिले काही दिवस पातळ, कमी ताकदीचे पाणी आणि शेवटी तळाचा दाट गाळ. म्हणजे सुरुवातीला ताप उतरत नाही आणि शेवटी मात्रा जास्त होते. हलवल्यावर गाळ पुन्हा मिसळला नाही, तळाला घट्ट वडीसारखा बसला, तर ती बाटली वापरू नका.

अँटिबायोटिकच्या ड्राय सिरपमध्ये चूक होते ती पाणी घालताना. रीत अशी: आधी बाटली उलटसुलट ठोकून पावडर सुटी करा. उकळून पूर्ण गार केलेले पाणी निम्म्यापर्यंत घाला, झाकण लावून गुठळी राहणार नाही इतके हलवा. फेस बसू द्या. मग बाणाच्या खुणेपर्यंत पाणी भरा आणि पुन्हा हलवा. फेसासकट खुणेपर्यंत भरले तर फेस बसल्यावर पातळी खाली येते, पाणी कमी पडते आणि प्रत्येक चमचा ठरल्यापेक्षा तेज होतो. गरम पाण्याने औषध खराब होते. खोक्यात पाण्याची कुपी दिली असेल तर लेबल वाचून तीच वापरा. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट तयार केल्यावर फ्रीजमध्ये ठेवून सात दिवसांत संपवायचे. उरले तर पुढच्या तापाला राखून ठेवायचे नाही.

बाळाला तापाचे औषध किती? थेंब आणि सिरप यांत फरक काय?

हा इथला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. पॅरासिटामॉल वजनावर, एका वेळी किलोला १० ते १५ मिलीग्रॅम. दोन डोसांत ४ ते ६ तास, २४ तासांत ४हून जास्त डोस नाहीत. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप असेल तर औषधाआधी डॉक्टर.

आता १२ किलोचे मूल घ्या आणि डोस १२० मिलीग्रॅम धरा. १२० मिलीग्रॅम प्रति ५ मिलिलिटर या सिरपचे ५ मिलिलिटर द्यायचे. २५० मिलीग्रॅम प्रति ५ मिलिलिटर या सिरपचे २.४. आणि मिलिलिटरला १०० मिलीग्रॅम असलेल्या थेंबांचे फक्त १.२. आजोबांनी थेंबांची बाटली उचलून नेहमीसारखे चमचाभर, म्हणजे ५ मिलिलिटर पाजले, तर ५०० मिलीग्रॅम, मोठ्या माणसाची गोळी, बाळाच्या पोटात गेली. तिन्ही बाटल्यांवर नाव एकच असते. घरात एकच ताकद ठेवा आणि डॉक्टरांकडून मात्रा मिलीग्रॅम आणि मिलिलिटर दोन्हींत लिहून घ्या.

स्वयंपाकघरातला चमचा वापरू नका. चमचे सारखे नसतात. सुई नसलेली, तोंडात सोडायची सिरिंज सर्वांत अचूक. ती गालाच्या आतल्या बाजूला, थोडे थोडे सोडा. घशात थेट मारली तर ठसका लागतो. बाळगुटी सहाणेवर किती वेढे उगाळायची हे घरच्या बाईला ठाऊक असते, कारण वेढा हे तिचे माप असते. तेवढीच शिस्त इथे मिलिलिटरची.

सिरपमधल्या द्रावकांबद्दल बातम्या येतात, त्या नेमक्या कशाबद्दल?

ग्लिसरीन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल हे पातळ औषधांतले नेहमीचे घटक. स्वस्त औद्योगिक मालातून त्यांत डायएथिलीन ग्लायकॉल येऊ शकते आणि ते मूत्रपिंडे निकामी करते. चव गोडसर, वास नाही, त्यामुळे घरी ओळखता येत नाही. अमेरिकेत १९३७ साली सल्फानिलामाइडचे पातळ औषध या द्रावकात करून विकले गेले, शंभरहून अधिक माणसे दगावली आणि १९३८ साली तिथे नवा औषध कायदा झाला. मुंबईत १९८६ साली जे. जे. रुग्णालयात मेंदूतला दाब उतरवण्यासाठी दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये हेच निघाले. १४ रुग्ण गेले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली.

याची तपासणी कच्च्या मालाच्या प्रत्येक पिंपाची, तीही कारखान्यातच व्हावी लागते. तुमच्या हातात एवढेच की बिल घ्या, बॅच क्रमांक जपा आणि लहान मुलांना खोकल्याचे औषध सल्ल्याशिवाय देऊ नका. औषध चालू असताना मुलाची लघवी कमी झाली किंवा थांबली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा आणि बाटली सोबत न्या.

इंजेक्शन गोळीपेक्षा नेहमी भारी असते का?

नाही. शिरेतले लगेच, स्नायूतले थोड्या वेळाने, कातडीखालचे आणखी सावकाश. काही इंजेक्शने तर मुद्दाम मंद केलेली असतात: बेंझाथिन पेनिसिलिन स्नायूत साठते आणि तीन-चार आठवडे झिरपत राहते, अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन तीन महिने. बेंझाथिन पेनिसिलिन हे कणांचे दुधाळ सस्पेन्शन असल्याने शिरेत कधीच द्यायचे नाही. साध्या तापाला, गोळी पोटात टिकत असताना, इंजेक्शनचा हट्ट धरू नये; गळू होण्याचा आणि नसेला इजा होण्याचा धोका विनाकारण पदरी पडतो.

घरी परिचर्या करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. स्नायूत देताना सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हे अँटिबायोटिक लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधात कालवतात. तेच मिश्रण शिरेत देणे धोक्याचे. आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन रिंगर लॅक्टेटसारख्या कॅल्शियम असलेल्या सलाइनमध्ये मिसळले तर साका धरते.

इन्सुलिनची लाल टोपीची सिरिंज आणि केशरी टोपीची सिरिंज एकच का?

एक नाहीत. भारतातल्या कुपीत बहुधा मिलिलिटरला ४० युनिट असतात, तिला लाल टोपीची सिरिंज. पेनच्या कार्ट्रिजमध्ये मिलिलिटरला १०० युनिट असतात; १०० युनिटच्या सिरिंजला केशरी टोपी. कार्ट्रिजमधले इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजने २० खुणेपर्यंत ओढले तर ते अर्धा मिलिलिटर, म्हणजे ५० युनिट झाले. साखर कोसळायला एवढे पुरे. उलट चुकीत २०ऐवजी ८च युनिट जातात. परदेशातून आलेले इन्सुलिन वापरताना ही अदलाबदल हमखास होते.

दुधाळ इन्सुलिन हातांवर दहा वेळा घोळवा, दहा वेळा हळूच उलटे करा. जोरात हलवले की फेस होतो. जागा बदलत राहा, नाहीतर गाठी होतात आणि गाठीतून शोषणाचा भरवसा नसतो. न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंशांवर, फ्रीजच्या दारात किंवा मधल्या कप्प्यात. बर्फाच्या कप्प्याला चिकटून गोठलेले इन्सुलिन वितळले तरी फेकायचे. चालू कुपी घरात ठेवता येते, साधारण चार आठवडे. फ्रीज नसेल तर ओल्या मातीच्या माठात, कुपी कोरडी राहील अशी प्लॅस्टिकच्या डबीत.

पंप घेतला तरी दम कमी होत नाही. औषध लागू पडत नाही का?

बहुतेक वेळा औषध घशातच राहिलेले असते. फुप्फुसात खोल जायला कण १ ते ५ मायक्रॉनचे लागतात. मोठे कण घशाला आपटतात. योग्य रीतीने घेतले तरी दाबाच्या पंपातला थोडाच वाटा आत पोचतो. तरीही सालबुटामॉलचा एक फवारा १०० मायक्रोग्रॅमचा आणि गोळी २ ते ४ मिलीग्रॅमची. औषध जिथे हवे तिथेच टाकल्याचा हा फायदा.

पंप हलवा. श्वास पूर्ण बाहेर सोडा. ओठ घट्ट मिटून हळू आणि खोल श्वास सुरू करतानाच दाबा. दहा सेकंद श्वास रोखा. दुसरा फवारा अर्ध्या-एक मिनिटाने. हात आणि श्वास जुळत नसतील तर स्पेसर लावा. लहान मुलांना मास्कसकट, पाच शांत श्वास. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुचकळून हवेवर वाळवा, फडक्याने पुसला की स्थिर वीज तयार होऊन औषध भिंतीला चिकटते.

कोरड्या पावडरच्या यंत्राचे तंत्र नेमके उलटे: श्वास जोरात आणि झटक्यात, कारण लॅक्टोजच्या दाण्यांवरून औषध सोडवायचे काम तुमचा श्वासच करतो. यंत्रात फुंकू नका, वाफेने पावडर गोळा होते. आणि या यंत्रात घालायची पावडरची कॅप्सूल गिळायची नसते. हे सांगावे लागते. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते.

वेदनेची पट्टी सगळ्याच औषधांची का मिळत नाही?

कातडीचे कामच बाहेरचे बाहेर ठेवण्याचे. लहान रेणू, तेलात आणि पाण्यात दोन्हींत थोडे मुरणारे, आणि दिवसाला काही मिलीग्रॅमच लागणारे, एवढीच औषधे आत जातात: फेंटॅनिल, निकोटीन, नायट्रोग्लिसरिन. पॅरासिटामॉलची पट्टी करायची तर चादर पांघरावी लागेल.

फेंटॅनिलची पट्टी ७२ तासांची. पहिल्या पट्टीचा पूर्ण परिणाम यायला १२ ते २४ तास लागतात, म्हणून लागू पडत नाही असे समजून दुसरी लावू नका. पट्टीवर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका. उष्णतेने शोषण वाढून श्वास मंदावतो. वापरलेल्या पट्टीतही औषध उरते. चिकट बाजू आत दुमडून मुलांच्या हाती लागणार नाही अशी टाका.

मलम, क्रीम, जेल: कोणते कुठे?

ऑइंटमेंट तेलकट, कोरड्या आणि जाड झालेल्या त्वचेला. ओल धरून ठेवते, त्यामुळे औषधही जास्त मुरते. क्रीम ओलसर किंवा चिघळणाऱ्या भागाला. जेल आणि लोशन केसाळ भागाला. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबची रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. तेवढे बोटांसकट दोन तळहातांइतक्या जागेला पुरते. स्टेरॉइड असलेली मलमे गोरेपणासाठी किंवा गजकर्णावर चोळू नका. गजकर्ण आधी फिकट दिसते, मग पसरते.

डोळ्यांत दोन थेंब टाकले तर जास्त गुण येईल का?

पापणीच्या कप्प्यात ३० मायक्रोलिटरच्या आसपास मावते आणि एक थेंब तेवढा किंवा त्याहून मोठाच असतो. दुसरा गालावर ओघळतो. खालची पापणी ओढून एकच थेंब टाका, डोळा अलगद मिटा आणि नाकाकडचा कोपरा मिनिटभर दाबा, म्हणजे औषध घशात उतरणार नाही. काचबिंदूच्या टिमोलॉलमध्ये हे विशेष महत्त्वाचे, कारण ते रक्तात गेले तर दमा वाढू शकतो. दुसरे औषध पाच मिनिटांनी, मलम शेवटी. बाटली फोडल्याची तारीख लिहा. चार आठवड्यांनी टाका. कानाचे थेंब डोळ्यात कधीच नाहीत, ते निर्जंतुक असतीलच असे नाही.

गुदद्वारातून द्यायची वडी हातातच मऊ होते.

ती ३६-३७ अंशांना वितळावी अशीच केलेली असते. उन्हाळ्यात फ्रीजमध्ये ठेवा. मऊ झाली असेल तर आवरणासकट थोडा वेळ गार पाण्यात धरा. आत सरकवताना वडी पाण्याने ओली करा.

दुसऱ्या कंपनीची जेनेरिक गोळी आकाराने वेगळी आहे. परिणाम तोच का?

तोच अपेक्षित असतो. समतुल्यता तपासताना रक्तातल्या पातळीच्या गुणोत्तराचा विश्वासपट्टा (खरा आकडा ज्यात असण्याची दाट शक्यता असते तो पल्ला) मूळ औषधाच्या ८० ते १२५ टक्क्यांत बसावा लागतो. याचा अर्थ गोळीत २० टक्के औषध कमी चालते असा लावला जातो, तो चूक आहे. पॅरासिटामॉलच्या गोळीत औषध लेबलच्या ९५ ते १०५ टक्केच असावे लागते, कंपनी कोणतीही असो. फेनिटॉइन, थायरॉक्सिन अशा औषधांत मात्र दर महिन्याला ब्रँड बदलू नका. बदललाच तर डॉक्टरांना सांगा आणि रक्ततपासणी करून घ्या.

एक्सपायरी जून लिहिली आहे. १ जूनला टाकायची का?

फक्त महिना छापला असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालते. ही मुदत न उघडलेल्या आणि लेबलप्रमाणे ठेवलेल्या औषधाची. नागपूरच्या मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेल्या स्ट्रिपला ती लागू नाही. लेबलवर कोल्ड म्हणजे २ ते ८ अंश, कूल म्हणजे ८ ते २५. फिट्सवरचे सोडियम व्हॅल्प्रोएट हवेतली ओल पटकन शोषते, म्हणून आठवड्याच्या डबीत मोकळे काढून ठेवू नका. स्ट्रिप कात्रीने कापून तुकडा ठेवा.

औषधाने त्रास झाला तर कुठे कळवायचे?

आधी डॉक्टरांना. शिवाय गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाची विनाशुल्क वाहिनी आहे: १८००-१८०-३०२४. फोन करताना स्ट्रिप किंवा बाटली हातात ठेवा. नाव, बॅच क्रमांक, कंपनी, औषध केव्हा सुरू केले आणि त्रास केव्हा झाला, एवढे विचारतील.